बाहुलीघरासाठी फ्रेंच पेस्ट्री: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिमर क्लेची (ओव्हनमध्ये भाजली की टणक होणारी रंगीत क्ले) नखाएवढी पेस्ट्री करायला बसलं की जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे घेतले आहेत. सगळी मापं बाहुलीघराच्या रूढ प्रमाणाला, म्हणजे 1:12 ला धरून आहेत. एक आग्रह मात्र उत्तरांत वारंवार दिसेल. खरा पदार्थ भटारखान्यात ज्या क्रमानं तयार होतो, त्याच क्रमानं छोटा पदार्थ करा. नुसता आकार देऊन रंग फासला, तर तो लांबूनही खोटा दिसतो.

1:12 म्हणजे नेमकं केवढं?

खऱ्या जगातला एक फूट म्हणजे बाहुलीघरातला एक इंच. मेट्रिकमध्ये काम करत असाल तर खऱ्या मापाला 12 ने भागायचं. विंडसर कासलमधलं राणी मेरीचं बाहुलीघर (1921 ते 1924, वास्तुविशारद एडविन लट्यन्स) याच मापाचं आहे. बाजारात मिळणारं बहुतेक तयार फर्निचरही याच मापात येतं.

साडेचार सेंटिमीटरचा मॅकरॉन (मध्ये सारण असलेलं बदामी जोडबिस्किट) पावणेचार मिलिमीटरचा होतो, 14 सेंटिमीटरचा एक्लेअर (क्रीम भरलेली लांबट पेस्ट्री) जेमतेम 12 मिलिमीटरचा, 24 सेंटिमीटरचा फ्रूट टार्ट 2 सेंटिमीटरचा. हे आकडे कागदावर लिहून कामाच्या टाइलशेजारी ठेवा, कारण हात नेहमी मोठं करायला बघतो. टार्टचा साचा म्हणून सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं बूच वापरायचा सल्ला बरेच जण देतात. त्या बुचाचा बाहेरचा व्यास सुमारे 32 मिलिमीटर असतो, म्हणजे बाहुलीच्या टेबलावर 38 सेंटिमीटरचा टार्ट येऊन बसतो. त्यापेक्षा 2 सेंटिमीटरची चकती कापा, कडेनं पातळ पट्टी उभी करा आणि सुईनं बाहेरून सारख्या अंतरावर दाबत जा. कडेच्या चुण्या छान उमटतात.

बार्बीच्या मापाचं घर असेल तर ते साधारण 1:6 असतं. तिथे इथली सगळी मापं दुप्पट करा.

सुरुवात कशापासून करू?

एक्लेअरपासून. सगळे मॅकरॉनकडे धावतात, पण मॅकरॉन दिसतो सोपा आणि आहे अवघड. एक्लेअरमध्ये आकार, पोत, भाजल्याचा रंग आणि वरचं आयसिंग या चारही गोष्टी एकाच पदार्थात शिकून होतात.

दोन भाग पांढरी क्ले, एक भाग ट्रान्सल्युसंट (अर्धपारदर्शक) आणि चिमूटभर पिवळी माती रंगाची क्ले एकत्र मळा. 3 मिलिमीटर जाडीची वळी करून 11 मिलिमीटरचे तुकडे कापा, टोकं गोल करा, खालची बाजू टाइलवर हलकेच दाबून सपाट करा. आता वरून सुईनं लांबीच्या दिशेनं बारीक रेघा ओढा. फ्रान्समधले पेस्ट्रीवाले एक्लेअरचं पीठ बहुधा दातेरी नोझलमधून काढतात, म्हणजे तो ओव्हनमध्ये वेडावाकडा तडकत नाही. त्या दातांच्या खुणा भाजल्यावरही कडेला दिसतात. या रेघा ओढल्या की तुमचा तुकडा लगेच ओळखू येतो.

मग कोरड्या पेस्टलची पूड ब्रशनं लावून भाजून घ्या आणि गार झाल्यावर आयसिंग करा. खरा एक्लेअर उलटा धरून त्याची पाठ आयसिंगमध्ये बुडवतात, जादा आयसिंग बोटानं पुसून काढतात. त्यामुळे आयसिंगची कड स्वच्छ असते, ओघळ येत नाहीत. ओघळ काढले की तो डोनट वाटायला लागतो. लिक्विड क्लेमध्ये (पातळ, ओतता येणारी पॉलिमर क्ले) थोडी तपकिरी घट्ट क्ले कालवून दाटसर पेस्ट करा, फक्त पाठीवर लावा, पुन्हा भाजा. पॉलिमर क्ले कितीही वेळा भाजता येते, तेव्हा घाई नको. रंग चॉकलेटचा किंवा कॉफीचा ठेवा, परंपरेनं हेच दोन.

कोणती क्ले घ्यावी? घरी केलेली कोल्ड पोर्सिलेन चालेल का?

या कामाला पॉलिमर क्लेच. फिमो, प्रीमो, सर्निट यांपैकी जी नियमित मिळेल ती. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या भागात आणि पुण्यात रविवार पेठेत क्राफ्टच्या दुकानांत चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन मागवा. फिमोचा जन्मच बाहुल्यांच्या घरातला आहे. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केथे क्रूझे यांच्या मुलीनं हे मिश्रण आधी हाताळलं आणि 1960 च्या दशकात ते एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेलं.

कॉर्नफ्लॉवर आणि फेव्हिकॉलची कोल्ड पोर्सिलेन फुलांना सुंदर लागते, पण वाळताना ती आक्रसते. 4 मिलिमीटरच्या वस्तूला ते परवडत नाही. शिवाय कोकणपट्टीत पावसाळ्यात तिला बुरशी धरू शकते. दोन भाग कालवून करायची शिल्पकारसारखी क्ले टणक होते, पण ती हातात असतानाच घट्ट व्हायला लागते आणि हे काम तासन् तास चालतं.

घरातल्या ओटीजीत भाजलं तर चालेल?

चालेल, पण आधी ओव्हनचा वेगळा थर्मामीटर घ्या. ओटीजीच्या बटणावर 110 असतं तेव्हा आत तेवढंच असेल याची खात्री नसते. छोट्या ओटीजीत कॉइल तापते-विझते तसं तापमान भरपूर खालीवर होतं. फिमोला 110 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं लागतात. इतर कंपन्यांचं तापमान वेगळं असतं, ते पाकिटावर बघा. टाइलवर काम करून टाइलसकट आत ठेवा, वर ॲल्युमिनियम फॉइलचं सैलसर झाकण घाला, म्हणजे पांढरं आणि ट्रान्सल्युसंट पिवळं पडत नाही.

पॉलिमर क्ले म्हणजे मुळात पीव्हीसी. ती करपली तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो. 130 अंशांच्या वर जाऊ देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. करपल्याचा वास आलाच तर ओव्हन बंद करून खोलीबाहेर जा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको. क्लेला लागलेलं लाटणं, सुरी, किसणी पुन्हा स्वयंपाकात नेऊ नये.

एप्रिल-मेमध्ये क्ले हाताला चिकटते. काय करावं?

क्लेची पोळी लाटून दोन कोऱ्या कागदांमध्ये रात्रभर ठेवा. क्लेला मऊ ठेवणारा जादा तेलकट द्रव (प्लॅस्टिसायझर) कागद शोषून घेतो आणि क्ले घट्ट होते. थर कापण्याआधी दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं तर ब्लेडखाली रंग फासत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात क्लेचं पार्सल उन्हात किंवा बंद गाडीत राहू देऊ नका, ती पाकिटातच अर्धवट भाजून निघते. कच्ची क्ले काही प्लॅस्टिकना चिकटून त्यांना विरघळवतेही, म्हणून काम काच किंवा सिरॅमिक टाइलवरच करावं.

आकार बरोबर आहे, तरी पदार्थ प्लॅस्टिकचा वाटतो. असं का?

रंगामुळे. पाकिटातला रंग जसाच्या तसा वापरलेला असतो. भट्टीतून आलेल्या कुठल्याच वस्तूवर एकसारखा रंग नसतो, आणि फ्रेंच पेस्ट्रीत तर भाजल्याचा रंग हाच निम्मा पदार्थ आहे. आपल्याकडच्या बेकऱ्यांत पेस्ट्री फिकट ठेवायची सवय आहे. तिकडे पफ पेस्ट्री चांगली गडद, जवळजवळ अक्रोडाच्या रंगापर्यंत भाजतात.

हे आणायला सॉफ्ट पेस्टल लागतात. ऑइल पेस्टल नव्हे, कोरड्या खडूसारखे असतात ते. ब्लेडनं खरवडून कागदावर पूड करा: पिवळट माती, तांबूस माती, गडद तपकिरी. कच्च्या क्लेवर मऊ कोरड्या ब्रशनं आधी पिवळट पूड सगळीकडे, मग तांबूस फक्त उंचवट्यांवर, शेवटी गडद तपकिरी नुसत्या कडांना आणि तळाला. ओव्हनची आच जिथे आधी लागते तिथे रंग गडद, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. दोन फुगीर भाग एकमेकांना टेकतात ती जागा फिकटच राहू द्या, तिथे आच पोचत नाही.

भडक रंगांचंही तसंच. पिस्त्याचं क्रीम पोपटी नसतं, त्यात पिवळट आणि करडी झाक असते. प्रत्येक चमकदार रंगात तपकिरीचा किंवा पिवळ्या मातीचा एक कण मळून टाका. क्रीमसाठी निव्वळ पांढरा रंग टाळा. कस्टर्डमध्ये अंड्याचा बलक असतो, ते पिवळसर हवं.

आणि पांढरं काम नेहमी आधी. लाल क्ले हाताळून मग पांढऱ्याला हात लावला तर ती गुलाबी झालीच म्हणून समजा. मध्ये बेबी वाइप्सनं हात पुसत राहा.

मॅकरॉनची ती सुरकुतलेली कड कशी आणायची?

2 मिलिमीटरहून किंचित मोठी गोळी टाइलवर ठेवून बोटानं हलकेच दाबा. वरून गुळगुळीत, थोडी फुगीर आणि पावणेचार मिलिमीटरची चकती व्हायला हवी. आता बारीक सुई जवळजवळ आडवी धरून फक्त तळाच्या कडेभोवती इवले गोल फिरवत जा. क्ले थोडी उसकटते आणि कड फेसाळ दिसते. वरच्या भागाला सुई लागू द्यायची नाही, कारण खऱ्या मॅकरॉनमध्ये वरचं कवच गुळगुळीत आणि खालची कडच तेवढी फुगून आलेली असते. अशा दोन चकत्या भाजून घ्या, मध्ये लिक्विड क्लेची पेस्ट घालून चिकटवा. सारण कवचाच्या कडेपर्यंत यावं, बाहेर नको.

मॅकरॉनला वॉर्निश लावू नका. कवच रेशमी दिसतं, चकचकीत नसतं.

ऑपेरा केक आणि मिलफॉयचे थर इतके पातळ कसे करायचे?

दोन्हींची रीत निराळी आहे.

ऑपेरा केक म्हणजे कॉफीत भिजवलेल्या बदामी स्पंजचे थर, त्यात कॉफीचं बटरक्रीम आणि चॉकलेट गनाश, वर चॉकलेटचा तकतकीत पापुद्रा. उंची जेमतेम 3 सेंटिमीटर, म्हणजे आपल्याला अडीच मिलिमीटरमध्ये सात थर बसवायचे आहेत. एवढी पातळ पोळी लाटता येत नाही, आणि गरजही नाही. मिलिमीटरभर जाडीच्या पोळ्या एकावर एक रचून ठोकळा करा, मग चारही बाजूंनी थोडं थोडं दाबत तो लांबवत न्या. आतली रचना तशीच राहते, फक्त सगळं बारीक होत जातं. फळांच्या चकत्यांसाठी केन (आरपार नक्षी असलेली, चकत्या कापायची वळी) करतात त्याचंच हे तत्त्व. गार करून नव्या ब्लेडनं कापा, दर कापानंतर ब्लेड पुसा. सगळ्या पोळ्या सारख्या जाडीच्या हव्या असतील तर लाटण्याच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांच्या सारख्या गड्ड्या ठेवून लाटा.

मिलफॉयमध्ये पफ पेस्ट्रीच्या तीन पट्ट्या आणि कस्टर्डचे दोन थर. इथे पेस्ट्रीची प्रत्येक पट्टी वेगळी करून, कडेला ब्लेडनं आडव्या अगदी जवळजवळ चिरा देऊन, सुईनं पापुद्रे किंचित उचलून, गडद रंगवून आधीच भाजा. मग कस्टर्ड भरा. वरच्या पांढऱ्या आयसिंगवर चॉकलेटची लाटेसारखी नक्षी असते, ती रंगवायची नाही. पांढरी लिक्विड क्ले पसरा, ती ओली असतानाच सुईच्या टोकानं तपकिरी लिक्विड क्लेच्या समांतर रेघा घाला आणि सुई आडवी, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, ओढा. पेस्ट्रीवाला सुरीच्या टोकानं हेच करतो, म्हणून नक्षीही तीच उमटते.

क्रीम पाइप कशानं करू?

इंजेक्शनच्या सिरिंजला 18 गेजची बोथट सुई लावा. तिचा आतला व्यास सुमारे 0.8 मिलिमीटर असतो, म्हणजे खऱ्या जगातलं 1 सेंटिमीटरचं नोझल. क्ले आणि लिक्विड क्लेची पेस्ट सुईतून सहज निघेल, पण आकार सोडणार नाही, इतपत सैल करा. पॅरिस-ब्रेस्ट या पेस्ट्रीचं कडं आडवं कापून त्यात भरायचं हेझलनटचं क्रीम यानं मस्त होतं.

क्रोकांबूश करायचाय. जमेल का?

जमेल, आणि बाहुलीघराच्या टेबलावर याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही. फ्रान्समध्ये लग्नात आणि बारशाला मांडतात तो हा मनोरा, क्रीम भरलेल्या शू पेस्ट्रीच्या (एक्लेअरच्याच, पोकळ फुगणाऱ्या पिठाच्या) गोळ्यांचा, कॅरॅमलनं जोडलेला. अंतोनां कारेम (1784 ते 1833) या आचाऱ्यानं साखरेची देवळं, मनोरे, भग्नावशेष रचून जी परंपरा गाजवली, त्याच घराण्यातला हा पदार्थ आहे.

4 सेंटिमीटर उंच आणि तळाशी पावणेदोन-दोन सेंटिमीटर रुंद असा शंकू गडद कॅरॅमल रंगाच्या क्लेचा करून आधी भाजून घ्या. आत फॉइलचा गोळा घातला तर क्ले वाचते आणि आतून नीट भाजते. हा शंकू गडद हवा, कारण गोळ्यांच्या फटींतून तोच दिसणार आहे.

गोळ्या शंभराच्या आसपास लागतील आणि त्या सारख्या हव्यात. 3 मिलिमीटर जाडीची वळी पट्टीच्या कडेला ठेवून दर 3 मिलिमीटरवर कापली की प्रत्येक तुकड्याची साडेतीन मिलिमीटरच्या जवळपास गोळी होते. तिला टूथब्रशच्या केसांनी टोचून खडबडीत करा आणि बाहेर दिसणाऱ्या बाजूला पेस्टल लावा. दहा-बारा गोळ्या मुद्दाम जरा जास्त भाजलेल्या ठेवा, खऱ्या ट्रेमध्येही तशा असतात. भाजून झाल्यावर रचायला घ्या. खालून वर जायचं, लिक्विड क्लेचा ठिपका देऊन, प्रत्येक ओळीतली गोळी खालच्या दोन गोळ्यांच्या खाचेत बसवत. तीन-चार ओळी झाल्या की थोडा वेळ भाजून पक्कं करा. सगळं एकदम रचायला गेलात तर वजनानं घसरतं. वरच्या ओळींना थोड्या लहान गोळ्या वापरा, टोकाला एकच.

कॅरॅमलसाठी लिक्विड क्लेत तांबूस पेस्टलची पूड मिसळा आणि गोळ्यांच्या मधल्या जागी सोडा. शेवटचं भाजणं आटोपलं की साखरेचे तंतू. ग्लू गनचा थेंब टूथपिकनं उचलून ताणला की केसाहून बारीक धागा निघतो. मनोऱ्याभोवती तो फिरवत न्या. थोडेच तंतू पुरतात.

पिठीसाखर, रवा, खसखस अशा खऱ्या वस्तू वापरल्या तर?

नको. मुंग्या येतात, दमट हवेत साखर पाझरते, रव्याला पोरकिडे लागतात. पिठीसाखरेसाठी पांढऱ्या पेस्टलची पूड, चुऱ्यासाठी भाजलेली क्ले बारीक किसणीवर किसून घ्यावी.

माझं बाहुलीघर जुन्या काळातलं आहे. कुठला पदार्थ कुठल्या काळात शोभेल?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अठराव्या शतकातल्या दिवाणखान्यात रंगीबेरंगी मॅकरॉनचा मनोरा ठेवला की बाकी घरावर घेतलेली मेहनत पाण्यात जाते. मध्ये सारण असलेला जोडमॅकरॉन विसाव्या शतकातला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमाराच्या घरात नान्सी शहरातल्या ख्रिस्ती जोगिणी करत तसे साधे, एकेरी, वरून तडकलेले बदामी मॅकरॉन ठेवावेत. त्याच शतकासाठी लोरेन प्रांतातल्या कोमेर्सी गावच्या मादलेन (शिंपल्याच्या आकाराचे छोटे केक), मेरांग (अंड्याच्या पांढऱ्याची साखरी बिस्किटं), रचलेली फळं आणि बाबा (पाकात मुरवलेला खमिरी केक) हेही योग्य. पॅरिसच्या र्‍यू मोंतोर्गेयवर 1730 मध्ये सुरू झालेलं स्तोरेर हे दुकान आजही चालू आहे, आणि बाबा ही त्याची ओळख आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या घरात एक्लेअर, सेंट-ऑनोरे (कडेनं कॅरॅमल लावलेले छोटे शू आणि मध्ये क्रीम असलेला केक), रलिझ्यूझ सगळं चालेल. रलिझ्यूझ म्हणजे मोठ्या शूवर छोटा शू आणि सांध्याला बटरक्रीमच्या थेंबांची कॉलर. तार्त तातां (सफरचंदाचा उलटा टार्ट) त्या शतकाच्या अखेरची, लामोत-ब्यूव्रों गावात हॉटेल चालवणाऱ्या तातां बहिणींच्या नावाची. पॅरिस-ब्रेस्ट 1910 चा. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याच्या सायकल शर्यतीसाठी मेझों-लाफितच्या लुई द्यूरां यांनी तो चाकाच्या आकाराचा केला. ऑपेरा केक 1950 च्या दशकात गाजला, तार्त त्रोपेझिएन (क्रीम भरलेला ब्रिओश पाव) हाही त्याच दशकातला. आरशासारख्या चकाकीचे, घुमटाकार मूस केक फक्त आजच्या काळातल्या दुकानात ठेवा.

किमतीच्या पाट्यांनाही हेच लागू. 2002 च्या आधीचं दुकान असेल तर फ्रँक, नंतरचं असेल तर युरो.

काचेच्या कपाटात पदार्थ नुसते ठेवले की ओकंबोकं दिसतं. आणखी काय ठेवावं?

कागद. फ्रेंच पेस्ट्रीच्या दुकानात जवळजवळ प्रत्येक पदार्थाखाली काहीतरी असतं: सोनेरी पुठ्ठ्याची चकती, जाळीची कागदी डोयली, एक्लेअरखाली चुणीदार कागद. सोनेरी चकतीला मिठाईच्या डब्याचा सोनेरी पुठ्ठा उत्तम. बाजूला घडी घातलेले पांढरे खोके आणि बारीक रेशमी फीत ठेवा. पदार्थ ओळीत मांडा, एका प्रकारचे पाच-सहा, आणि एका ओळीत एखादी जागा रिकामी सोडा, विकला गेल्यासारखी.

जानेवारीचं दुकान करत असाल तर गालेत दे र्‍वा हवीच. 6 जानेवारीच्या सणाची ही गोल पफ पेस्ट्री, आत बदामाचं सारण, आणि त्यात लपवलेली चिनी मातीची इवली मूर्ती. ज्याच्या तुकड्यात मूर्ती निघेल तो त्या दिवसाचा राजा, त्याला सोनेरी कागदाचा मुकुट. 21 मिलिमीटरची गालेत करा, वर ब्लेडच्या टोकानं वळणदार रेघा कोरा, एक तुकडा कापून बाजूला ठेवा आणि सारणातून 2 मिलिमीटरची पांढरी मूर्ती जराशी डोकावू द्या. शेजारी मुकुट ठेवायला विसरू नका.

चकाकीसाठी नेलपॉलिश लावलं तर चालेल?

नाही. बऱ्याच नेलपॉलिशमधल्या द्रावकानं पॉलिमर क्लेचा पृष्ठभाग काही महिन्यांत चिकट होतो आणि धूळ धरतो. काही स्प्रे वॉर्निशचंही तसंच. पाण्यात मिसळणारं वॉर्निश किंवा यूव्ही रेझिन वापरा, तेही फक्त फळांच्या टार्टवर आणि चॉकलेटच्या लेपावर. शू, पफ पेस्ट्री, स्पंज कोरडेच राहू द्या.

लहान मुलांना खेळायला देता येतील?

तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. वस्तू खाण्यासारख्या दिसतात आणि घशात अडकण्याएवढ्याच असतात. मोठ्या मुलांना द्या, करायलाही बसवा, फक्त ओव्हन तुम्ही सांभाळा.

विकायला ठेवताना प्रसिद्ध दुकानाचं नाव खोक्यावर छापू का?

नको, ते ट्रेडमार्क असतात. मनातलं एखादं नाव ठेवा. एक्लेअर किंवा मॅकरॉन करायला कुणाची परवानगी लागत नाही.

पदार्थ बशीला कायमचे चिकटवू का?

शक्यतो नको. मांडणी बदलावीशी वाटते आणि धूळ झटकायला वस्तू उचलाव्या लागतात. मिनिएचरसाठी मिळणाऱ्या चिकट मेणाचा मोहरीएवढा गोळा तळाशी लावा, धक्का लागला तरी हलत नाही आणि हवं तेव्हा सुटतं. मेण उन्हात मऊ होतं, तेव्हा कपाट खिडकीच्या उन्हात ठेवू नका. उन्हानं गुलाबी-लाल रंगही विटतात. धुळीसाठी मेकअपचा मऊ ब्रश वापरा, आणि क्रोकांबूशचे तंतू असतील तिथे नुसता रबरी फुग्याचा ब्लोअर.